बाळाची नाळ कितव्या दिवशी पडली?



तान्हं बाळ दवाखान्यात आलं की मी एक प्रश्न हमखास विचारतो. आईला नाही, आजीला. "नाळ कितव्या दिवशी पडली?" आजींना तारखा लक्षात नसतात, पण पाचवी आणि बारसं पक्कं आठवतं. "बारशाच्या आधी पडली की," असं उत्तर आलं की मी पुढच्या प्रश्नाकडे वळतो. बहुतेक बाळांची नाळ पहिल्या दोन आठवड्यांत वाळून गळतेच. "महिना झाला तरी लोंबत होती हो," असं कुणी म्हणालं, तर मात्र मी पेन खाली ठेवतो.

ही सवय मला कॉलेजात लागलेली नाही. रहिमतपुरात दवाखाना टाकून दोनतीन वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) जवळच्या वाडीवरचं जोडपं, सव्वा महिन्याचा मुलगा. बेंबीभोवती लालभडक, ताप, आणि नाळेचा तुकडा अजून चिकटलेला. पहिला मुलगा चार महिन्यांचा होऊन गेलेला, कारण "न्यूमोनिया". मी जखम पाहिली आणि आजीला धीर दिला, "पू अजिबात नाही, चांगलं लक्षण आहे." रक्तात पांढऱ्या पेशी पन्नास हजारांच्या घरात होत्या. मला वाटलं, शरीर जोरात लढतंय. अँटिबायोटिक दिलं, मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दोन महिन्यांत तेही बाळ गेलं.

पू नव्हता हेच वाईट लक्षण होतं. हे मला बऱ्याच वर्षांनी, एका वैद्यकीय परिषदेत मागच्या रांगेत बसलेलो असताना कळलं. त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही. आजचा लेख त्या आजाराबद्दल आहे, आणि अशा सगळ्या आजारांचा शोध कसा लागला त्याबद्दल. यातला एक महत्त्वाचा धागा आपल्या मुंबईत, परळला सापडलेला आहे, हे बऱ्याच डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.

एसटीतून न उतरणारे प्रवासी

पू म्हणजे काय? जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा चिखल. यातल्या मुख्य पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. त्या रक्तातून सतत फिरत असतात. कुठे जंतू शिरले की त्या भागातल्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर खुणा उमटतात. न्यूट्रोफिलला तिथे उतरायचं असतं. पण रक्ताचा वेग मोठा. धावत्या एसटीतून कुणाला उतरता येत नाही. गाडीचा वेग आधी कमी व्हावा लागतो, मग दांडी घट्ट धरून पाय खाली टाकायचा. न्यूट्रोफिलचंही तसंच. आधी ती अस्तराला हलकेच चिकटत, गडगडत हळू होते. मग घट्ट पकड घेते. मग दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते आणि जंतूंपर्यंत पोचते.

काही मुलांत जन्मतःच ही घट्ट पकड नसते. पकडीसाठी लागणारं प्रथिन (त्याचं नाव सीडी-१८) बनतच नाही. सैन्य भरपूर, पण सगळं गाडीतच. म्हणून रक्त तपासलं की पांढऱ्या पेशी प्रचंड दिसतात, कधीकधी रक्ताच्या कर्करोगाची शंका यावी इतक्या. आणि जखमेत मात्र एकही नाही, म्हणून पू नाही. नाळ वाळून सुटी होण्याच्या कामातही याच पेशी लागतात, म्हणून नाळ पडत नाही. या आजाराचं नाव ल्युकोसाइट अ‍ॅडहेजन डेफिशिअन्सी, थोडक्यात लॅड. उशिरा पडणारी नाळ, पसरत जाणारा जंतुसंसर्ग आणि न्यूट्रोफिलची बिघडलेली हालचाल यांची सांगड घालणारा लेख १९७९ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या साप्ताहिकात आला होता. म्हणजे माझ्या त्या रुग्णाच्या कितीतरी आधी. मी वाचला नव्हता, इतकंच.

एक खुलासा लगेच करतो, नाहीतर उद्या दवाखान्यात रांग लागेल. नाळ उशिरा पडलेली बहुतेक बाळं ठणठणीत असतात. तीन आठवडे उलटले तर बाळ डॉक्टरांना दाखवावं. पण नाळ उशिरा आणि सोबत बेंबीला लाली, ताप, पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या, किंवा घरात आधी एखादं मूल लहानपणी गेलेलं, असं असेल तर थांबायचं नाही.

१९५२ : एक वर्ष, दोन शोध

आता मागे जाऊ. १९५२ सालात दोन लेख प्रसिद्ध झाले. एकमेकांशी काही संबंध नसलेले, निदान तेव्हा तसंच वाटत होतं.

पहिला अमेरिकेतला. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात ऑग्डेन ब्रुटन नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता, चार वर्षांत त्याच्या रक्तात एकोणीस वेळा जंतू पसरले होते. दर वेळी पेनिसिलिन, दर वेळी बरा, आणि पुन्हा तेच. ब्रुटन यांनी त्याला त्याच जंतूची लस टोचून पाहिली, तर शरीरात प्रतिपिंडंच तयार होईनात. इलेक्ट्रोफोरेसिस हे तंत्र तेव्हा रुग्णालयांत नुकतं येऊ लागलं होतं. रक्तातली प्रथिनं त्यात वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागली जातात. मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिनची पट्टीच नव्हती. प्रतिपिंडं याच पट्टीत असतात. उपाय सरळ होता. दर महिन्याला दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं गॅमा ग्लोब्युलिन टोचायचं. मुलाचे आजार थांबले.

तोवर वारंवार आजारी पडणारी मुलं ही 'नाजूक प्रकृतीची' मानली जायची. प्रतिकारशक्तीचा एखादा विशिष्ट भाग जन्मतःच गैरहजर असू शकतो, तो मोजता येतो आणि भरूनही काढता येतो, हे ब्रुटन यांच्या लेखाने दाखवलं. उपचार तत्त्वतः आजही तोच आहे.

दुसरा लेख त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये आला, मुंबईहून. लेखकांची पहिली तीन नावं वाचा : भेंडे, देशपांडे, भाटिया. पुढची चार इंग्लंडमधल्या तज्ज्ञांची. डॉ. वाय. एम. भेंडे केईएममध्ये होते. आमच्या पिढीने पॅथॉलॉजीसाठी जे भेंडे-देवधरेंचं पुस्तक रात्र रात्र वाचलं, त्यातले हे भेंडे. त्यांना असं रक्त आढळलं की जे कोणत्याच गटाशी जुळेना. ए नाही, बी नाही, म्हणून ओ म्हणावं, तर त्या माणसाच्या रक्तातला द्रव ओ गटाच्या पेशींनाही गोळा करून टाकत होता. ओ गटाचं रक्त चढवलं असतं तर जीव गेला असता. ए आणि बी ही दोन्ही चिन्हं ज्या पायावर उभी राहतात तो 'एच' नावाचा पायाच या माणसांत नव्हता. जगभर हा गट आज 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं राहिलं.

पुढे १९५७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) याच परिसरात रक्तगटांचं संदर्भ केंद्र काढलं. डॉ. भाटिया त्याचे प्रमुख झाले, आणि केंद्राची वाढ होत होत आजची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी उभी राहिली. केईएमच्या आवारातच, बहुमजली इमारतीच्या तेराव्या मजल्यावर. भाटिया आणि साठे यांच्या १९७४ च्या अभ्यासात मुंबईत साधारण ७,६०० माणसांमागे एक जण या गटाचा आढळला. युरोपात तो दहा लाखांत एखादा. तुमच्या घरात कुणाचा हा गट असेल तर ती नोंद कागदावर, पाकिटात, मोबाइलवर, सगळीकडे ठेवा. साध्या तपासणीत हे रक्त ओ म्हणूनच दिसतं.

चाळीस वर्षांनी जुळलेला धागा

१९९२ मध्ये इस्रायलमधले आमोस एट्झिओनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मुलांची हकीगत छापली. दोघं वेगवेगळ्या घरांतली, दोघांचे आईवडील नात्यातले. वारंवार जंतुसंसर्ग, पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या, पू नाही, शिवाय वाढ आणि बुद्धी खुंटलेली. लॅडच वाटावा, पण सीडी-१८ तर व्यवस्थित. मग अडचण कुठे? उत्तर मिळवायला एक धागा कामी आला. दोन्ही मुलांचा रक्तगट बॉम्बे होता.

कारण असं. 'एच' पायासाठी फ्युकोज नावाची एक साखर लागते. आणि न्यूट्रोफिल ज्या चिन्हाच्या आधाराने रक्तवाहिनीत वेग कमी करते, त्या चिन्हातही हीच साखर असते. या मुलांत पेशीच्या आत फ्युकोज जिथे लागते तिथे पोचतच नव्हती. म्हणून लाल पेशींवर एच नाही आणि पांढऱ्या पेशींवर ते चिन्ह नाही. एसटीची दांडी शाबूत, पण गाडीचा वेगच कमी होत नाही. हा लॅडचा दुसरा प्रकार. नेमकं जनुक २००१ मध्ये सापडलं. त्याआधी १९९९ मध्ये जर्मनीत अशा एका मुलाला फ्युकोज साखर तोंडाने देऊन पाहिली आणि त्याचे संसर्ग खरोखर कमी झाले. इस्रायलच्या मुलांना मात्र तिचा उपयोग झाला नाही, कारण त्यांच्यातला दोष वेगळ्या जागी होता.

बॉम्बे गटाचे जे वाचक इथपर्यंत घाबरत आले असतील त्यांच्यासाठी : तुमची प्रतिकारशक्ती उत्तम आहे. नेहमीच्या बॉम्बे गटात फ्युकोजचा पुरवठा नीट असतो, फक्त ती लाल पेशींवर बसवणारं एक विकर नसतं. लॅडचा हा दुसरा प्रकार इतका विरळा आहे की मी तो पुस्तकाबाहेर पाहिलेला नाही. गोष्ट सांगितली ती एवढ्यासाठी की परळच्या रक्तपेढीत सुटलेलं एक कोडं चाळीस वर्षांनी भलत्याच आजाराच्या कामी आलं.

बोन मॅरो, बुडबुडा आणि जनुकं

काही मुलांत एखादाच भाग नव्हे, तर लिम्फोसाइट ही पांढऱ्या पेशींची अख्खी शाखाच निकामी असते. त्याला स्किड म्हणतात. ही मुलं उपचाराविना सहसा पहिला वाढदिवस पाहत नाहीत. १९६८ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला डॉ. रॉबर्ट गुड यांनी अशा एका तान्ह्या मुलाला त्याच्या बहिणीचा बोन मॅरो दिला. त्याच्या आईच्या माहेरी अशीच अनेक मुलं दगावली होती. हा मुलगा जगला, मोठा झाला. बोन मॅरो बदलून आजार कायमचा बरा करण्याच्या पहिल्या यशस्वी उदाहरणांत हे गणलं जातं. भारतात पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण १९८३ मध्ये परळच्याच टाटा रुग्णालयात, डॉ. सुरेश अडवाणी यांच्या हातून झालं, पण ते रक्ताच्या कर्करोगासाठी.

ज्यांना जुळणारा भाऊ-बहीण नव्हता त्यांचं काय? ह्यूस्टनचा डेव्हिड वेटर जन्मल्यापासून निर्जंतुक प्लास्टिकच्या बुडबुड्यात बारा वर्षं राहिला. १९८३ मध्ये बहिणीचा पूर्ण न जुळणारा मॅरो दिला, त्यातून एक सुप्त विषाणू आला आणि काही महिन्यांत तो गेला. त्याच्यावर चित्रपट, लेख खूप झाले. मला त्या कथेचा गाजावाजा फारसा आवडत नाही, मूल तिथे बाजूलाच राहतं.

१९९० मध्ये अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलीवर पहिली जनुकोपचाराची चाचणी झाली, तीही अशाच आजारासाठी. पुढे पॅरिसला अ‍ॅलेन फिशर यांनी स्किडची मुलं जनुक घालून बरी केली, आणि आनंद ओसरायच्या आत त्यांतल्या काहींना रक्ताचा कर्करोग झाला. घातलेलं जनुक चुकीच्या जागी जाऊन बसलं होतं. पॅरिस आणि लंडन मिळून वीस मुलांपैकी पाच. काम थांबलं, वाहक विषाणू बदलले, पुन्हा सुरू झालं. आता लॅडच्या पहिल्या प्रकारातही नऊ मुलांवर जनुकोपचाराचे चांगले निकाल आले आहेत. आपल्याकडचा रोजचा उपचार मात्र बोन मॅरोच. आई किंवा वडिलांचा अर्धा जुळणारा मॅरोही आता वापरता येतो, ही भारतासारख्या देशात फार मोठी गोष्ट आहे.

मग आपल्याकडे ही मुलं कुठे होती?

इथेच होती. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया, जुलाब, सेप्सिस, क्षय असं लिहिलं जायचं, आणि ते खोटंही नव्हतं. गावात म्हणायचे, "तिची मुलं जगत नाहीत." माझ्याकडे आलेल्या त्या बाईला सासरी हेच ऐकावं लागलं. लॅडमध्ये दोष दोघांकडून येतो. आई आणि वडील दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असते, दोघं ठणठणीत असतात, आणि प्रत्येक गरोदरपणात चारात एक या प्रमाणात मूल आजारी निघू शकतं. आईवडील नात्यातले असले की दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत. ती मोडा असं मी व्यासपीठावरून सांगत नाही, ऐकत कुणी नाही. पण ज्या घरात एक मूल असं गेलंय, तिथे पुढचं नातं जुळवताना आणि पुढचं बाळ ठरवताना मी बसून बोलतो. सोबत नवऱ्यालाही बसवतो.

निदान आपल्याकडे सुरू झालं ते फ्लो सायटोमीटर या यंत्रामुळे. रक्तातल्या पेशींना रंगीत खुणा लावून एकेक करून लेझर किरणासमोरून सोडायचं. सीडी-१८ ची खूण लागली नाही की लॅड कळला, अगदी त्याच दिवशी. रक्तगटांसाठी उभ्या राहिलेल्या परळच्या संस्थेत डॉ. मनीषा मडकईकर यांनी हे काम बालकांच्या प्रतिकारशक्तीकडे वळवलं. शेजारच्या वाडिया रुग्णालयात डॉ. मुकेश देसाई हे रुग्ण ओळखून पाठवत, उपचार करत. २०१९ मध्ये या गटाने भारतातल्या ५७ स्किडग्रस्त मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि २०२१ मध्ये देशभरच्या केंद्रांनी मिळून २७७ मुलांचा. त्यांतली बरीचशी मुलं निदान होईपर्यंत हातची गेलेली होती. अमेरिकेत स्किडच्या बाळाला साडेतीन महिन्यांच्या आत बोन मॅरो मिळाला तर ९४ टक्के मुलं पाच वर्षांनंतरही जिवंत असल्याचं २०१४ मध्ये दिसलं. तिथे जन्मतःच टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन ही तपासणी होते. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती अजून नाही.

आणखी एक नाजूक मुद्दा, नीट वाचा. बीसीजी आणि पोलिओचे थेंब यांत दुबळे केलेले जिवंत जंतू असतात. निरोगी बाळाला ते सुरक्षित आहेत आणि दिलेच पाहिजेत. पण स्किडच्या बाळात बीसीजीचा जंतू अंगभर पसरू शकतो. पोलिओचा लसीतला विषाणू अशा मुलांच्या पोटात महिनोन्‌महिने राहू शकतो का, याचा अभ्यासही मुंबईतल्याच संशोधकांनी केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा लस टाळायची नाही. मात्र आधीचं मूल वर्षाच्या आत संसर्गाने गेलं असेल, तर पुढच्या बाळंतपणाआधीच डॉक्टरांना सांगा. बीसीजी काही दिवस थांबवून आधी रक्त तपासता येतं.

आणि पहिली तपासणी महागडी नसते. साधी सीबीसी. फक्त तिच्यातला एक आकडा कुणीतरी वाचायला हवा. तान्ह्या बाळात लिम्फोसाइटची एकूण संख्या तीन हजारांच्या खाली असेल तर स्किडचा विचार करायचा. न्यूट्रोफिल बेसुमार आणि जखम कोरडी असेल तर लॅडचा. खर्चाचं म्हणाल तर २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात स्किडसह यांतले काही आजार बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी धरले आहेत. मान्य केंद्रांत मदतीची मर्यादा २०२२ पासून ५० लाखांपर्यंत आहे आणि मुंबईत केईएम हे असं केंद्र आहे. कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून निदान झालं त्याच आठवड्यात अर्ज करा.

काही वर्षांपूर्वी आणखी एक बाळ आलं. सत्तावीस दिवसांचं. आजी म्हणाल्या, "बारसं झालं, पण नाळ काही पडंना." बेंबी लाल, पू नाही, पांढऱ्या पेशी अडतीस हजार. मी या वेळी आजीला धीर दिला नाही. सातारच्या बालरोगतज्ज्ञांना फोन केला, त्यांनी बाळाला दाखल करून घेतलं. मग परळला फोन केला. रक्त जांभळ्या टोपणाच्या बाटलीत घ्या, बर्फात ठेवू नका, उद्या सकाळी पोचवा, एवढंच त्यांनी सांगितलं. ती बाटली मुलाच्या बापाने रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली आणि रात्रीच्या गाडीने तो एकटाच मुंबईला गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला, सीडी-१८ नाही. मोठ्या बहिणीचा मॅरो जुळला. मुलगा आता शाळेत जातो. गुडघा फुटला की त्याच्या जखमेत पू होतो, आणि त्याची आजी मला तो कौतुकाने दाखवायला आणते.